शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाची शनिवार-रविवारची बॅच : घरात बंदूक असेल तर नक्की करा

घाटावरच्या एका रायफल क्लबची शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाची बॅच नुकतीच केली. जाण्याआधी मी बरंच शोधलं पण कुठेच नीट माहिती मिळाली नाही, सगळीकडे फक्त "सर्टिफिकेट मिळेल, संपर्क करा" एवढंच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, पैसे वसूल. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आम्ही सिंधुदुर्गातले, हापूस आणि काजूची बाग. घरी अण्णांच्या म्हणजे वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचं माप) दुनळी बंदूक आहे, रानडुक्कर आणि वानरांचा त्रास ज्याला माहिती आहे त्याला ती का आहे हे सांगायला नको. अण्णांनी आता सत्तरी ओलांडली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली की ती वारसाच्या नावावर करता येते, म्हणून ती माझ्या नावावर घ्यायचं ठरलं, आणि नव्या परवान्याच्या अर्जाला एस-१ नमुन्यातलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

प्रमाणपत्र कसं कसं मिळतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहिती आहे. एका ठिकाणी फोन केला तर त्यांनी सांगितलं, साहेब यायची पण गरज नाही, आधार कार्ड आणि फोटो पाठवा, कागद कुरिअरने घरी येईल. वर फी पण कमी. मला हे ऐकून खरंच राग आला कारण बंदूक काय कागदावर चालत नाही, ती घरात राहणार, त्या घरात माझी दोन लहान मुलं आहेत, कामाला गडी माणसं येतात. ज्यांनी असा कागद घेतला असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कागद झाला असला तरी एकदा खरं प्रशिक्षण घ्या, कुठल्याही चांगल्या क्लबमध्ये घ्या.

आता मूळ मुद्दा. शिकवणारे सुभेदार साहेब, सैन्यातून निवृत्त, साताऱ्याकडचे. आवाज असा की पहिल्या वाक्याला सगळे मोबाईल खिशात गेले. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही खरं काडतूस टेबलावर आलं नाही. आमच्या बॅचमधल्या एका बिल्डर साहेबांनी विचारलं पण, की फायरिंग कधी. साहेब म्हणाले, "फायरिंग कोणीपण करतं, चाप ओढला की होतं. मला तुमचं भरणं आणि खाली करणं बघायचंय." आणि मग नुसत्या डमी काडतुसांवर भर, खाली कर, दाखव, पुन्हा भर, खाली कर, दाखव, हात दुखेपर्यंत तेच. दुपारपर्यंत मलाही वाटत होतं की हे जरा जास्तच चाललंय, पण खरं सांगतो या पूर्ण कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

चार नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच समजायचं, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी जाऊ द्यायची नाही, नेम लागून बार काढायचं पक्कं होईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर, आणि निशाणाच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय बार नाही. वाचायला पाच सेकंद लागतात. पण कोणी हाक मारली की माणूस बंदुकीसकट वळतो, आणि बंदूक उचलली की बोट आपोआप चापावर जातं, हे समोर बघितल्याशिवाय कळत नाही. साहेब मुद्दाम मागून नाव घेऊन हाक मारायचे. जो वळला त्याची बंदूक काढून घ्यायचे, त्याला मागे उभं करायचे आणि बाकीच्यांचं बघायला लावायचे. अपमान वगैरे काही नाही, पण एकदा मागे उभा राहिलेला माणूस परत वळत नाही.

पिस्तूलवाल्यांसाठी जो भाग होता तो मी मुद्दाम नीट लिहितो, कारण तो पिस्तूल नसलेल्यांनीही समजून घ्यायला हवा. पिस्तूल खाली करताना क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी बाहेर, मग स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढायचा म्हणजे चेंबरमधली (नळीच्या बुडाशी गोळी बसते त्या जागेतली) गोळी बाहेर पडते, मग स्लाइड मागेच धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं. हाच क्रम उलटा झाला तर काय होतं ते साहेबांनी डमी गोळ्यांवर दाखवलं. आधी स्लाइड ओढली, एक गोळी टणकन बाहेर पडली, स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी आत घेऊन गेली, मग मॅगझिन काढलं. आता हातात मॅगझिन, खाली पडलेली एक गोळी, आणि बघणाऱ्याला वाटतं झालं रिकामं. आत एक बसलेली असते. साहेबांनी ते पिस्तूल तसंच पुढच्या माणसाच्या हातात दिलं, त्या माणसाने समोर सगळं बघितलेलं असूनही न तपासता घेतलं. पूर्ण हॉल गप्प झाला.

याच्यानंतर त्यांनी अलिगडचा विषय काढला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एक बाई पासपोर्टच्या पडताळणीसाठी आल्या होत्या, समोर उभ्या असलेल्या उपनिरीक्षकाच्या हातात सहकाऱ्याने पिस्तूल दिलं, त्यांनी ते हाताळलं आणि गोळी सुटून थेट त्या बाईंच्या डोक्यात. त्या वारल्या. सीसीटीव्हीत सगळं आलंय, अनेकांनी बघितलं असेल. साहेब म्हणाले की वरच्या चारपैकी एकजरी नियम त्या खोलीत पाळला गेला असता तरी त्या घरी गेल्या असत्या. शस्त्र भरलेलं आहे असं धरलं असतं तर, नळी जमिनीकडे असती तर, बोट बाहेर असतं तर. मला हे फार लागलं, कारण ती बाई काही गुन्हेगार नव्हती की चकमकीत सापडलेली नव्हती, सरकारी कामाला आली होती.

आमच्या बॅचला एक पोलीस शिपाई होते, रजा टाकून, स्वतःच्या खिशातून फी भरून आलेले. त्यांचं मला मनापासून कौतुक वाटलं. ते सांगत होते की वार्षिक गोळीबार सराव होतो, पण त्यात गोळ्या मोजक्या, रांगेत झोपायचं, मारायच्या, वहीत गुण लिहायचे आणि परत बंदोबस्त. वर्षभर शस्त्र खांद्यावर असतं पण हातात असं नसतं. जाम झालं तर काय करायचं, अंधारात कसं तपासायचं, दुसऱ्याकडून घेताना कसं घ्यायचं, याचा सराव फार कमी. आणि हे आजचं नाही. २६/११ नंतर पोलिसांच्या कामगिरीची चौकशी करायला राम प्रधान समिती बसली होती, तिच्या अहवालातही पोलिसांच्या सरावाचा आणि त्यासाठीच्या दारुगोळ्याच्या तुटवड्याचा विषय आला होता. बाहेरच्या राज्यांत तर काय काय झालंय. २०१९ मध्ये बिहारच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यसंस्काराला मानवंदना देताना पोलिसांच्या रायफलींमधून एकही बार निघाला नाही. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात संत कबीर नगरला वरिष्ठांच्या तपासणीत एका उपनिरीक्षकाने गोळी नळीच्या तोंडातून आत टाकली. लोक हे व्हिडिओ बघून हसतात, मला हसू येत नाही. त्या माणसाला कोणीतरी शस्त्र दिलं आणि शिकवलं नाही, आणि उद्या त्याच माणसाला दंगलीत नाहीतर दरोड्यात पुढे पाठवणार. तुकाराम ओंबळेंनी हातात काठी असताना एके-४७ धरून ठेवली, अशा माणसांच्या खात्याला सरावाच्या गोळ्या मोजून द्याव्या लागतात हे पटत नाही.

आता आमच्या कामाचा भाग, बारा बोअर. इथे साहेबांनी अण्णांनाही बोलावून घेतलं होतं. अण्णांच्या परवान्याची हद्द पूर्ण महाराष्ट्र आहे त्यामुळे ते स्वतःची बंदूक परवान्यासकट घेऊन आले. बंदूक जुनी, विलायती, त्यांच्या काकांकडून आलेली. साहेबांनी ती उघडली, नळ्या काढल्या आणि नळीच्या बुडाशी असलेला शिक्का भिंगातून वाचून दाखवला, अडीच इंच. म्हणजे ६५ मिलिमीटरचं काडतूस. दुकानात ७० मिलिमीटरची पण येतात आणि ती या बंदुकीत आरामात बसतात, हीच गोम आहे. काडतुसाची लांबी ही उडाल्यानंतरची असते, भरताना त्याचं तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड दिसतं, बार झाला की दुमड उघडते आणि पुढच्या अरुंद भागात अडकते, दाब वाढतो, आणि जुनी नळी असेल तर फाटते. आमच्याकडे दुकानदार जे असेल ते देतो आणि आपणही बारा बोअरचं म्हटलं की घेतो. ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांची बंदूक आहे त्यांनी कृपा करून हा शिक्का वाचून घ्या, आणि काडतुसाच्या डब्यावरची लांबी बघूनच घ्या.

दुसरं, वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते खाली घरंगळून पुढे जाऊन अडकतं, मागून नळी रिकामी दिसते. मग कोणीतरी बारा बोअरचं भरतो आणि बार काढतो. पुढचं सांगायला नको. म्हणून दोन बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीच नाही.

आणि कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी. आमच्या कोकणात बंदूक महिना-दोन महिने कोपऱ्यात उभी राहिली की कुंभारीण नळीत मातीचं घर करते. साहेबांनी हे विचारलं तेव्हा आमच्यातले चारपाच शेतकरी एकदम "हो हो" म्हणाले. नळीत माती, चिंधी, गंजाचा खपला काही असलं तरी बार काढल्यावर नळी फुगते नाहीतर फुटते. त्यामुळे दर वेळेला भरण्याआधी नळीतून उजेड बघायचा. बार काढताना नेहमीपेक्षा बारीक फुस्स आवाज आला तर लगेच थांबायचं, खाली करायचं आणि नळी बघायची, कारण आत काहीतरी अडकलेलं असू शकतं. आणि चाप ओढला तरी बार झालाच नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडून बघायचं नाही, काडतूस उशिरा उडू शकतं.

सेफ्टीच्या बटणाबद्दलचा गैरसमज पण इथे दूर झाला. बऱ्याच दुनळ्यांमध्ये ते बटण फक्त चाप अडवतं, आतला घोडा (आपटून काडतूस उडवणारा भाग) ताणलेलाच असतो. बंदूक आपटली तर बार उडू शकतो. म्हणून कुंपण ओलांडताना, दगडी गडग्यावर चढताना, जीपमध्ये बसताना काडतुसं बाहेर आणि बंदूक उघडी. अण्णा म्हणाले आम्ही तर बटण लावून गडगा चढायचो, तर साहेब फक्त एवढंच म्हणाले, "अण्णा, नशीब चांगलं होतं." अण्णांनी मान डोलावली. घरी आल्यापासून ते प्रत्येकाला नळ्या उघडून दाखवतात.

छर्रे किती लांब जातात हा भाग प्रत्येक शेतकऱ्याने ऐकायलाच हवा. बारीक सहा नंबरचे छर्रे दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात, पण एलजी नावाच्या जाड छऱ्यांच्या काडतुसातले मोठे दाणे सहाशे-सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. बागेच्या पलीकडे वाडी असेल तर विचार करा. रात्री झाडीत हललं म्हणून बार, हा प्रकार तर बंदच केला पाहिजे. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांनी रानडुक्कर समजून आपल्याच माणसावर गोळी झाडली, तो गेला. कोकणात अशा बातम्या दर काही वर्षांनी येतातच. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही, डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं. आणि परवाना ज्याच्या नावावर त्यानेच बंदूक वापरायची, गड्याला राखणीला देऊन पाठवायची जी पद्धत आपल्याकडे आहे ती कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही.

रिव्हॉल्व्हरचा भाग एका सराफांच्या निमित्ताने झाला. अभिनेते गोविंदा यांच्या पायाला १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, कपाटात ठेवताना हातातून पडलं असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. साहेबांनी समजावलं की जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि गोळीच्या मध्ये अडवणारा भाग नसतो, आपटलं तर घोड्याखालची गोळी उडू शकते, त्यामुळे अशा रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, आणि प्रवासाला निघताना कपाटात ठेवायचं असेल तर आधी पूर्ण खाली करून मगच. सराफांनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं.

खंडेनवमीचंही सांगतो. आमच्याकडे बंदूक पूजेला लागते, हळदकुंकू, नळीत झेंडूचं फूल, शेजारी काडतुसं मांडून, आणि पोरं भोवती. साहेबांनी सांगितलं पूजा जरूर करा पण मांडण्याआधी घरातल्या दोघांनी नळ्या बघायच्या, काडतुसं त्या खोलीतच नकोत, आणि फूल नळीत नाही, दस्त्यावर ठेवा. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेलं खाली येतंच.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष फायरिंग. पॉइंट टू टू रायफल आणि बारा बोअर. व्यवस्था चोख, एका वेळी थोडेच लोक लाइनवर, प्रत्येकाच्या मागे एक माणूस. तिथल्या ज्युनिअर मुली सराव करत होत्या, त्यांचं शस्त्र ठेवणं-उचलणं बघूनच शिकायला होतं. कोल्हापूर भागात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसला ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे घराघरातून मुलं नेमबाजीकडे वळतायत, आणि या मुलांना जी शिस्त दहाव्या-बाराव्या वर्षी लागते ती आमच्याकडे साठीच्या माणसांना नाही. एक मुलगी पाणी प्यायला उठली तर आधी बोल्ट (चेंबर बंद करणारा मागचा दांडा) उघडा, चेंबरमध्ये रिकामं असल्याची झेंडी, मग रायफल खाली, मग बाटली. कोणी बघत नव्हतं तरी.

अर्धा गुण कापला तो यासाठी. एक, बारा बोअरची काडतुसं फारच कमी दिली, फी थोडी वाढवा पण निदान दोन्ही नळ्यांचा अंदाज येईल इतकी द्या. दोन, कानाला लावायचे मफ जुने, दोघातिघांचे सैल होते, माझे कान संध्याकाळपर्यंत वाजत होते, फोमचे बोळे स्वतःचे घेऊन जा. तीन, आणि हे महत्त्वाचं, घरात साठवण हा विषय शेवटच्या तासात घाईत उरकला. लोखंडी कपाट कसं असावं, भिंतीला बोल्टने कसं पक्कं करायचं, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली एकाच ठिकाणी न ठेवणं, चापाला लावायचं कुलूप, हे सगळं प्रत्यक्ष मांडून दाखवायला हवं होतं, कारण आमच्यासारख्यांची बंदूक वर्षातले बहुतेक दिवस घरातच असते.

आणखी एक सूचना क्लबला केलीय, इथेही लिहितो. निवडणूक लागली की आमच्याकडे बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. गेल्या वेळी जमा करायला गेलो तेव्हा एका टेबलावर पन्नासेक बंदुका आडव्यातिडव्या, नळ्या दरवाज्याकडे, आणि घेणारे शिपाई उघडून न बघता चिठ्ठी बांधत होते. अण्णांनी स्वतः उघडून दाखवली तर म्हणाले राहू दे राहू दे. त्या ठाण्याला मी दोष देत नाही, त्या दिवशी त्यांच्यावर कामाचा डोंगर होता. पण जमा करून घेताना प्रत्येक बंदूक उघडून नळ्या बघायच्या एवढं एक दिवसाचं शिबिर जिल्ह्यातल्या ठाण्यांसाठी या सुभेदार साहेबांसारख्या माणसाने घेतलं तर केवढं काम होईल. साहेबांची तयारी आहे, त्यांनी सांगितलंय बोलावलं तर मानधनाशिवाय येईन. आमच्याकडचे काही बागायतदार मिळून आम्ही पोलीस अधीक्षकांना तसं निवेदन देतोय.

जायचं असेल तर आधी फोन करा, बॅच लहान असते आणि पावसाळ्यात बाहेरची रेंज बंद. ओळखपत्र मूळ न्या, स्वतःची बंदूक नेणार असाल तर मूळ परवाना आणि त्यावरची हद्द तपासून, काडतुसं वेगळ्या पिशवीत. फी पाच हजारांच्या आत, चहा-जेवण त्यातच, जेवण साधं पण गरम. घरातल्या बाईमाणसांनाही न्या असं मी सांगेन, माझ्या बायकोला बंदूक चालवायची नाही पण ती उघडून रिकामी आहे की नाही हे तिला बघता आलंच पाहिजे, आणि पुढच्या बॅचला तिचं आणि शेजारच्या वाडीतल्या दोघांचं नाव मी देऊन आलोय.